ओतिलियाच्या नावाची ढेरपोटी अक्षरं

बोगोता
२ मार्च १९७९

आर्सेनियो यांस,

'प्रिय' लिहायला पेन उचललं जाईना, म्हणून लिहिलेलं नाही.

शेजारच्या हर्मेलिंदाने पाठवलेलं पाकीट काल मिळालं. आत घडी घातलेलं पोस्टर होतं. ते मी ऑफिसात टेबलावर पसरलं, तर पलीकडची बाई मान उंचावून म्हणाली, "अगं बाई, तुमच्या गावात नाच आहे वाटतं!" नाच नव्हता. माझ्या आईची मयत होती.

नारिंगी शाई! ओतिलिया हे नाव कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पोटं फुगलेल्या अक्षरांत, आणि प्रत्येक पोटात एक चांदणी. बार्रांकियाहून कुणी वाजंत्रीवाले येणार असावेत तसं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, अंत्ययात्रा दुपारी चार वाजता. काळी चौकट नाही, क्रूस नाही, काही नाही.

सान रोकेची माणसं तुम्हाला नवीन आहेत का? तिथे पोस्टर कुणी वाचत बसत नाही, रस्त्यापलीकडून नुसतं बघतात. उंच, बारीक, काळी अक्षरं दिसली की टोपी काढायची आणि जवळ जाऊन कोण गेलं ते पाहायचं. लठ्ठ, रंगीत दिसली की संध्याकाळी कपडे बदलून निघायचं. माझ्या बाबांनी जन्मभर या दोनच लाकडी टाइपांवर छापखाना चालवला. काळ्या टाइपला गाव 'विधवा' म्हणतं आणि लठ्ठ टाइपला 'ढेरपोटी', हे मला लहानपणी मांडीवर बसवून तुम्हीच शिकवलंत. मग आईच्या वेळी तुमचं डोकं कुठे गेलं होतं?

कार्निवल तोंडावर आलेला. लोकांना काय वाटणार होतं? हर्मेलिंदा लिहिते, आईबरोबर कबरस्तानापर्यंत पाद्र्यासकट सात माणसं चालली. शवपेटीला खांदे कमी पडले म्हणून बिचाऱ्या पाद्र्याने खांदा दिला. आणि संध्याकाळी अर्धं गाव नटूनथटून आमच्या दारात! बायकांच्या केसांत फुलं, पुरुषांच्या काखेत रमच्या बाटल्या, आणि पोरं रिकाम्या पिशव्या घेऊन. पिशव्या कशाला, ते मला कळलं नाही. मेलेल्या बाईचं घर लुटायला आली असतील.

तिकडच्या उन्हात गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पोचवावंच लागतं, हे मला माहीत आहे. तार माझ्या हातात पडली तेव्हा कबरस्तानाच्या भिंतीतला आईचा कोनाडा सिमेंटने बंद झाला होता. मी येऊ शकत नव्हते. गाव येऊ शकत होतं. तुम्ही गावाला येऊ दिलं नाहीत, आणि ते मी विसरणार नाही.

कोनाड्याच्या तोंडावर बसवायच्या दगडाच्या भानगडीत तुम्ही पडायचं नाही. मी इथून रेखाटन पाठवीन. अक्षरं विधवेची असतील. तुम्ही तो कागद सिक्स्तो पाथरवटाच्या हातात द्यायचा, आणि तुमचा संबंध संपला.

बेत्साबे


सान रोके
१४ मार्च १९७९

बेत्साबे,

'आर्सेनियो यांस' वाचलं आणि मागे वळून पाहिलं, म्हटलं कोण साहेब आलाय. तुझं शेंबडं नाक या हातांनी पुसलंय, तो मी दादाचा आता 'यांस' झालो. 'तुम्ही' झालो. चालू दे. बोगोतात थंडी फार, नातीही गोठत असतील.

डोकं कुठे गेलं होतं विचारतेस? डोकं जागेवर होतं. विधवा जागेवर नव्हती. ती कुठे आहे, ते मान वर करून बघ. तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर. मागच्याच्या मागच्या नाताळात आलीस, "काय देखणा टाइप आहे" म्हणत अख्खा खाना उचलून लाँचमध्ये घातलास. मामी म्हणाली नेऊ दे, तिच्या बापाचा आहे. मला कुणी विचारलं? मी काय, छापखान्यातलं टेबल! ऐकतो की तू ते ठसे ओळीने टांगलेस आणि पाहुणे खाली उभे राहून माना डोलावतात. इकडे गावाची धड मरायची सोय राहिली नाही. मामी गेली तेव्हा घरात मोठा टाइप एकच उरला होता, त्यात छापलं. झालं समाधान?

सात माणसं होती, खरं आहे. त्यातला एक मी. पुढचा डावा खांदा माझा होता. हर्मेलिंदाने हे लिहिलं नसेल, कारण ती त्या सातांत नव्हती. ती घरी बसून संध्याकाळसाठी केस कुरळे करत होती. असल्या बाईची साक्ष काढतेस?

दगडाचं रेखाटन पाठव. मी बघेन. देईन म्हणालो नाही, बघेन म्हणालो.

तुझा (हे हाताच्या सवयीने)
आर्सेनियो


बोगोता
२९ मार्च १९७९

आर्सेनियो यांस,

तुम्ही धडधडीत खोटं बोलता आणि तेही आळशासारखं. हर्मेलिंदाने दुसरंही पोस्टर पाठवलं होतं, ते मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. फिलादेल्फोंच्या मयतीचं, जानेवारीतलं. शिशाच्या साध्या खिळ्यांची जुळवणी, काळी शाई, चौकट, वर क्रूस. लहान आहे, पण सभ्य आहे. म्हणजे विधवेवाचून तुमचं अडलेलं नव्हतं. टोप्या विकणाऱ्या फिलादेल्फोसाठी तुमचे हात सरळ चालले, माझ्या आईसाठी नाही. आणि विधवा परत हवी होती तर तोंड उघडायचं. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहायला काय झालं होतं?

का केलंत ते मला पक्कं ठाऊक आहे. मी काढलेली 'कारामेलो' अक्षरं तुमच्या पोटात दुखतात. बाटल्यांवर, नारळाच्या बिस्किटांच्या पुड्यांवर, आइस्क्रीमच्या गाड्यांवर, बसच्या अंगावर माझी अक्षरं बसली. सगळ्या राजधानीला आजोबांच्या काळातल्या गुबगुबीत अक्षरांचं वेड लागलंय, आणि ते वेड मी लावलं. शाळेतली मुलं वह्यांवर नावं टाकायला माझ्या अक्षरांचे कागद आणतात आणि घासून उमटवतात. तुम्ही मात्र आईपाशी म्हणालात, की पोरीने बाबांची ढेरपोटी चोरली. आईनेच मला फोनवर सांगितलं होतं. चोरली नाही. ढेरपोटीचं फक्त हसू घेतलं. बाकी प्रत्येक पोट, प्रत्येक वळण मी बसून नव्याने काढलंय.

तुमच्या पोस्टरवरची अक्षरं मी भिंग लावून पाहिली. त्यातला ओ एका अंगाला कललाय, दारू प्यायल्यासारखा. चांदण्या वाकड्या. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. बाबांच्या टाइपची ही दशा केलीत? पाहणारा म्हणेल, ही अक्षरं ज्याने काढली त्याला अक्षर म्हणजे काय हे जन्मात कळलेलं नाही. निर्लज्ज अक्षरं आहेत ती. मेलेल्या बाईच्या नावात बसून दात काढतायत.

सोबत दगडाचं रेखाटन आहे. पुढच्या फेब्रुवारीतल्या आईच्या वर्षाच्या प्रार्थनेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. पाऊस लागायच्या आत दगड बसला पाहिजे. दगडाची जाडी कोपऱ्यात लिहिली आहे, त्यात तुमची अक्कल घालू नका.

बेत्साबे


सान रोके
२० एप्रिल १९७९

बेत्साबे,

फिलादेल्फो सापडला का? बरं झालं. हो, खोटं बोललो. खरं सांगावं असलं पत्र तू लिहिलं नव्हतंस.

"निर्लज्ज अक्षरं आहेत ती." हे वाक्य मी छापखान्यात मोठ्याने वाचलं. ऐकायला कुणी नव्हतं तरी वाचलं. "ज्याने काढली त्याला अक्षर म्हणजे काय हे जन्मात कळलेलं नाही." वा! हे तू सहीनिशी दिलंयस. मी ते चौकटीत घालून यंत्राच्या वर लावणार आहे. तुझ्यासारख्या मोठ्या बाईचं मत रोज कुठे मिळतं.

तुझं रेखाटन परत पाठवतोय. ही काय कबर आहे? ही बँकेच्या दारावरची पाटी आहे. मामीचं नाव असं ताठ आणि उपाशी उभं केलंयस, की बघणारा माणूस कागदपत्रं काढून रांगेत उभा राहील. जिने उभ्या आयुष्यात कुणाला उपाशी परत पाठवलं नाही, तिच्या नावात एक अक्षर जेवलेलं दिसत नाही.

हा दगड मी होऊ देणार नाही. मामीला मी शब्द दिलाय. कोणता शब्द, ते विचारू नकोस. तुला सांगायचं नाही, हाही तिनेच घेतलेला शब्द आहे.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात कबरस्तान धुऊन काढलं. सगळ्यांच्या दगडांवर फुलं होती. मामीच्या कोनाड्यावर नुसतं सिमेंट, पण ते ओलं असताना मी बोटाने तिचं नाव काढलं होतं. फुलं तिथे चिकटवली. तुला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

आर्सेनियो


बोगोता
८ जून १९७९

आर्सेनियो यांस,

मेलेल्या माणसाच्या तोंडी हवं ते घालता येतं, कारण ते उठून 'मी असं म्हणाले नाही' म्हणू शकत नाही. 'शब्द दिलाय' हे असलंच आहे. माझ्या आईने तुम्हाला शब्द मागितला आणि मला, पोटच्या पोरीला, कळू नये म्हणाली? मला ती रोज आठवते. सकाळी कॉफी उकळायला ठेवली की आठवते. आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर तिचा चेहरा येण्याआधी तुमचं ते नारिंगी पोस्टर येतं. तुम्ही माझ्याकडून तिचा चेहरा नेलात. त्यापेक्षा वाईट काय करणार होतात?

दोन गोष्टी कळवते.

मी सिक्स्तोला सरळ पत्र लिहिलं. त्याचा होकार आला. दगड विधवेच्या अक्षरांत होतोय आणि तो घेऊन तो स्वतः येईल.

दुसरं म्हणजे, छापखान्याची जागा आणि यंत्र आईच्या नावावर होतं. आता ते माझ्या नावावर आहे. मागांगेचा एक माणूस यंत्र न्यायला तयार आहे. जुलैअखेर वकील येऊन दाराला कुलूप लावेल. दगड बसवताना आडवे आलात तर त्याआधीच लावेल. ही धमकी आहे. तुम्हाला दुसरी कुठली भाषा समजत नाही, हे आता माझ्या लक्षात आलंय.

बेत्साबे


सान रोके
३ जुलै १९७९

बेत्साबे,

दगड मंगळवारी बसला. मी आडवा आलो नाही. उलट एक बाजू मीच धरली, कारण सिक्स्तो आता म्हातारा झालाय आणि तो धोंडा त्याला एकट्याला उचलेना. देखणा झालाय. उंच, बारीक, काळा. लोक लांबूनच टोपी काढतात, जवळ कुणी थांबत नाही. तुला हवं तसं झालं, अभिनंदन.

आता ऐक. मामी म्हणाली होती, पोरीला सांगू नकोस, वेळेवर पोचले नाही म्हणून ती मनाला लावून घेईल. तिच्यासाठी मी एवढे महिने तोंड बंद ठेवलं. पण मिसरूड फुटल्यापासून ज्या यंत्रापाशी मी उभा आहे, त्याला कुलूप घालायला निघालेल्या बाईच्या मनाला मी का जपू? लागू दे मनाला. चांगलं लागू दे.

मामीला वाचता येत नव्हतं, तुला माहीत आहे. ओली पोस्टरं ती दोरीवर वाळत घालायची, धुणं घालावं तशी, आणि कोणतं कशाचं ते गावासारखीच लांबून ओळखायची. तुझी ती नारळाची बिस्किटं इथल्या दुकानात आली. पहिला पुडा मीच आणला, तिला दाखवून टोमणा मारायला. म्हटलं, "बघ मामी, तुझ्या लेकीने मामांची ढेरपोटी पळवली." तिने पुडा डोळ्यांजवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. म्हणाली, "छट्, ही ढेरपोटी नव्हे. ही आपल्या बेत्साबेची." मी म्हटलं, "मामी, सारखीच तर आहेत." तर म्हणते, "तुझ्या मामांची हसते ती तिकिटं खपवायला. ही उगीच हसतेय. पोरगी लहानपणी अश्शीच हसायची, पोट पुढे काढून."

झालं! तेव्हापासून रोज पुडा. दात कुठे होते तिला! बिस्किटं दारातल्या पोरांना वाटायची आणि रिकामं वेष्टन सपाट करून उशाखाली ठेवायची. कुणी आलं की काढून दाखवायची. "ही माझ्या लेकीची अक्षरं." पाद्र्यालाही दाखवली. गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं, ओतिलियाबाईंच्या दारात गेलं की बिस्किट मिळतं.

डिसेंबरात तिच्या पोटात पाणी भरलं. एकदा मला हाक मारून म्हणाली, "आर्सेनियो, मला विधवेत छापायचं नाही हं." मी म्हटलं, "विधवा आहे कुठे, ती गेली बोगोताला मिरवायला." म्हणाली, "असली तरी नको. अर्धं गाव मी त्या अक्षरांत दोरीवर टांगलंय. मला त्यांचा वीट आलाय. मला पोरीच्या अक्षरांत छाप." मी म्हटलं, "लोक हसतील." म्हणाली, "हसू देत. पोरगी काही वेळेवर पोचायची नाही. बस, मग लाँच, दोन दिवस जातात, मी काय तोवर थांबणाराय? निदान तिची अक्षरं तरी भिंतीवर हजर असू देत."

तर बाईसाहेब, ती ढेरपोटी नव्हती. ती तुझी कारामेलो होती. मामांचे ठसे खान्यात जसेच्या तसे आहेत, 'ओ'सकट, आणि तो 'ओ' सरळ उभा आहे. बिस्किटाच्या वेष्टनावरून मी तुझी अक्षरं नजरेने मोठी केली आणि लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर ठशासारखी कोरली. मामी समोर खुर्ची टाकून बसायची. अर्धा ओ कोरून झाल्यावर म्हणाली, "एवढीशी करतोस होय रे मला? अजून जाड कर." मग मी एका अंगाने वाढवला, म्हणून तो कलला. चांदण्या वाकड्या आल्या, कारण मला त्या तुझ्यासारख्या येत नाहीत. मी चिडून ठसा आपटला की ती हसायची, खोकला येईपर्यंत हसायची. स्वतःच्या मयतीचं पोस्टर बघून कुणी एवढं हसलेलं मी पाहिलेलं नाही.

निर्लज्ज काय, दात काढणारी काय, ज्याने काढली त्याला अक्षर कळत नाही काय! सगळं तू तुझ्याच अक्षरांना म्हणालीस. मला तेव्हाच थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

आता माझी चूक. तीही घे, नाहीतर म्हणशील लपवली. काळी चौकट घालायला हवी होती. मामी नको म्हणाली आणि मी तिचं ऐकलं. मला वाटलं, सगळ्या गावाला तिचं दुखणं माहीत आहे, समजतील. गावाने लांबून बिस्किटांची अक्षरं पाहिली, ओतिलियाचं नाव पाहिलं, कार्निवल जवळ आलेला पाहिला, आणि आपल्या मनाने ठरवून टाकलं, की पोरीची बिस्किटवाली कंपनी आईच्या दारात जत्रा भरवणार आणि पुडे फुकट वाटणार. खालची मुंगीएवढी ओळ वाचतो कोण! म्हणून दुपारी कुणी आलं नाही. म्हणून संध्याकाळी पोरं पिशव्या घेऊन आली. लुटायला आली नव्हती ती. ती रोजच यायची. कबरस्तानाच्या वाटेवर मी मागे वळून वळून रस्ता पाहिला. तो रिकामा रस्ता मला अजून दिसतो, आणि त्याचा दोष माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही.

संध्याकाळी माणसं आली तर आत आरसे झाकलेले, मेणबत्त्या लावलेल्या, खाट रिकामी. बाटल्या पायरीवर राहिल्या. बायकांनी केसांतली फुलं काढून घरात मांडलेल्या वेदीवर ठेवली आणि त्याच झगमगीत कपड्यांत जपमाळ धरली. प्रार्थनेच्या नऊच्या नऊ रात्री घर भरलेलं होतं. शाळेतली बाकं आणावी लागली. पोरं दारात बसून रडली. तुझ्या हर्मेलिंदाला यातलं काही ठाऊक नाही, ती दुसऱ्याच दिवशी मुलीकडे गेली होती. तू मला विचारलंस का, की पुढे काय झालं? नाही विचारलंस. तुझा निकाल पहिल्या पत्रातच लागला होता.

तेव्हा दगड बसलाय. मामी आता तिला वीट आलेल्या अक्षरांखाली आहे. तुझा वकील आला की किल्ली देईन.

आर्सेनियो


बोगोता
१५ जुलै १९७९

दादा,

वकिलाला तार केली. कुलूप लागणार नाही. आभार मानू नकोस, माझ्याच्याने ते वाचले जाणार नाहीत.

तू नीच आहेस. मला माझ्या आईच्या पोस्टरला शिव्या देऊ दिल्यास आणि तिकडे बसून हसलास. पहिल्याच पत्राला तू मला खरं सांगितलं असतंस, तर हे महिने मी तिला आठवत काढले असते, तुझा द्वेष करत नाही. ते दिवस तू परत देऊ शकत नाहीस. म्हणून मी तुला क्षमा करणार नाही. मी स्वतः काय केलं, ते मला तुझ्याकडून ऐकायचं नाही. मला ते कळलंय.

पोस्टर पुन्हा काढलं आणि पाहिलं. माझीच अक्षरं आहेत. मी ती जगभर विकायला निघाले होते आणि घरी आल्यावर मला ओळखता आली नाहीत.

तो दगड फोड. सिक्स्तोला सांग, जे काय मागशील ते देईन म्हणावं, पण फोड. एक दिवसही ती त्याच्याखाली नको.

सोबत नवीन रेखाटन पाठवायचं होतं. बसले, उठले, पुन्हा बसले. मला तिचं नाव त्या अक्षरांत काढता येत नाही, दादा. मी ती अक्षरं साबणासाठी काढली, सरबतासाठी काढली, झोपेतही काढता येतील. पण तिच्या नावाचा ओ काढायला घेतला की रडू फुटतं आणि शाई पसरते. तुझा लिनोलियमचा ठसा असेल ना? त्यावरूनच नवा दगड कोरून घे. कललेला ओ तसाच राहू दे. चांदण्याही तशाच.

बेत्साबे


सान रोके
२४ जुलै १९७९

बेत्साबे,

नीच म्हणालीस, ते पोचलं.

ठसा आहे. तेलाने पुसून ठेवलाय. नवा दगड सिक्स्तो कोरायला घेतो म्हणतो, चांदण्या पाहून हसलाही. पण बसलेला दगड फोडायला तो तयार नाही. त्यांच्या धंद्यात ते अशुभ मानतात. पाद्र्याला विचारलं. तो म्हणाला, पहिला घाव मेलेल्याच्या रक्ताच्या माणसाने घातला तर कुणाला पाप लागत नाही. मी हातोडा उचलला होता, पण त्याने मला थांबवलं. "तू तिचा कोण?" म्हणाला. बरोबर आहे. मी मामांच्या बहिणीचा मुलगा. मामीने मला वाढवलं, जेवायला घातलं, पण रक्त तिचं नाही. तिच्या रक्ताचं माणूस जगात एकच आहे.

मी तुला बोलावतोय असं समजू नकोस. तुझं तोंड बघायची मला मुळीच घाई नाही. पाद्री काय म्हणाला ते कळवतोय, एवढंच.

लाँच गुरुवारी येते आणि रविवारी येते. धक्क्यावर मी येणार नाही, कामं आहेत. हातोडा छापखान्यात दारामागे ठेवलाय. येताना विधवा आणायची विसरू नकोस, गावात अजून माणसं मरतात आणि सगळ्यांच्या लेकी काही अक्षरं काढत नाहीत.

पहिला घाव जोरात घाल. दगड जाड आहे. तूच तसा मागवला होतास.

आर्सेनियो